खाली राहिलेल्या गाईंचा रकाना

रिन्से बेट,
बुधवार, १६ फेब्रुवारी १९७२

प्रिय इंगा,

आधी उठ. नाताळानंतर पाठवलेलं चीज कपाटात उरलं असेल ते फडक्यासकट बाहेर कचऱ्यात टाक. मांजराला घालू नकोस, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला देऊ नकोस, आईने एवढं केलंय म्हणून शेवटचा तुकडा तोंडात टाकू नकोस. टाकलंस? हात साबणाने धू. आता बस आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवून उठायची तुझी सवय मला माहीत आहे, ती माझीच आहे.

दुसरं. चार मार्चच्या बोटीने तू घरी यायचं नाही. तिकीट काढलं असलंस तरी नाही. दर वर्षी गाई वितात तेव्हा तू येतेस, गेल्या वर्षी लग्न होऊनसुद्धा आलीस, त्याचं मला किती बरं वाटतं ते मी कधी बोलून दाखवलं नाही. पण या वर्षी तू फाटकाच्या आतसुद्धा पाय ठेवायचा नाहीस. तुला सहावा महिना लागलाय आणि मी घाबरलेय. तुझा बाप वादळात दोन दिवस बोटीसकट हरवला होता तेव्हा मी बटाटे सोलत बसले होते, हे तुला लोक सांगतात. ते खरं आहे. आत्ता माझ्याने बटाटा सोलवत नाही.

तुमच्या जिन्यावर फोन नाही. तार करायला गेले होते. पोस्टातल्या बेलाने पेन्सिल पुढे केली आणि मी उभीच. काय लिहू? 'डॉक्टरकडे जा, आई' एवढंच? तू ती तुझ्या रॉबीला दाखवून हसली असतीस. आणि गेलीच असतीस तर डॉक्टरने विचारलं असतं, कशासाठी? तुला उत्तर माहीत नाही. ते मला माहीत आहे. म्हणून परत आले आणि सगळं तारखेवार लिहायला बसले. उद्या सकाळच्या बोटीने हे जाईल, शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. हे तसंच डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचं. माझं अक्षर लागलं नाही तर वाचून दाखव. लाजू नकोस, लाजायचं काम माझं आहे.

पेट्री तुला आठवतो ना, शेतकी कॉलेजचा? लांब मानेचा, आपल्या गोठ्यातून बाहेर पडताना बूट गवताला पुसत पुसत जाणारा. तीन वर्षांपूर्वी तो ती तपकिरी वही घेऊन आला. तोवर तुझ्या बापाचं मोजणं म्हणजे वसंतात दारात उभं राहून मला विचारायचं, "किती व्याल्या गं?" मी म्हणायचे, "अडतीस." "चांगलं आहे," म्हणून तो पाइप पेटवायचा. पेट्री त्याला म्हणाला, "मॅन्सी, व्याल्या किती ते मला सांगूच नकोस. वळूकडे सोडल्या किती, आणि दूध तोडून बोटीवर चढली ती वासरं किती, एवढंच बोल. दुधाच्या गाईला रोज काम असतं, तुझ्या गाईला वर्षातून एकच. एक वासरू. ते नाही दिलं तर बाई वर्षभर तुझ्याकडे पाहुणी म्हणून राहिली." तुझा बाप म्हणाला, "आणि मधे जे काय होतं ते?" पेट्री म्हणाला, "त्यासाठीच तर हे रकाने."

रकाने असे होते. वळूकडे सोडल्या. फळल्याच नाहीत, म्हणजे खाली राहिल्या. गाभडल्या. म्हणजे दिवस भरायच्या आत टाकलं. वासरू जन्मताना गेलं. नंतर गेलं. आणि शेवटी बाजाराला गेलेली वासरं, वजनासकट. तुझ्या बापाला पेन्सिल धरायचा कंटाळा, म्हणून माझ्या चार इयत्तांवर ते काम आलं. गोठ्याच्या खांबाला खिळा मारून वही टांगली. जाताना पेट्रीने आणखी एक सांगितलं होतं, ते मी विसरले नव्हते हे इथे लिहून ठेवते. तो म्हणाला, "गाभडल्याच्या रकान्यात एका हंगामात दोनच्या वर आकडा गेला तर गुरांच्या डॉक्टरला कळवायचं. तो सगळ्यांचं रक्त काढेल. तो कायदा आहे."

पहिल्या वर्षी चाळीस गाई सोडल्या आणि सदतीस वासरं बोटीवर चढली. हिवाळ्यातल्या सभेत पेट्रीने सगळ्या शेतांचे आकडे वाचले आणि आपला सगळ्यात वर. मागून आपला शेजारी डेव्हो हार्कस ओरडला, "मिमा, दोनचार तू स्वतःच घातलीस की काय?" सगळा हॉल हसला. मी त्याला शिवी घातली. पण घरी येताना वाऱ्यात मला थंडी वाजली नाही. पोरी, मला आयुष्यात कुणी कशात पहिला नंबर दिला नव्हता. गोठा माझा, वितानाची धावपळ माझी, वळूचं आणि रानाचं बघणं बापाचं, हे तुला ठाऊक आहे. तो नंबर माझा होता.

मग हाव सुटली. सत्तरच्या मे महिन्यात सामुद्रधुनीपलीकडच्या बाजारातून सहा कालवडी आणायचा हट्ट मी धरला. रुंद पाठीच्या, तुकतुकीत, दिसायला राण्या. तुझा बाप म्हणाला, "परक्या गोठ्याचं जनावर आहे, महिनाभर वेगळं बांधू." मी म्हटलं, "कुठे बांधतोस, तुझ्या अंथरुणात?" तो गप्प बसला. तो गप्प बसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं, हे मला कळायला तीस वर्षं लागली. त्या उन्हाळ्यात डेव्होचा वळू नेहमीसारखा आधी त्याच्याकडे आणि मग आपल्याकडे आला, आणि आपल्या शेहेचाळीस गाई त्या वळूकडे सोडल्या.

जानेवारीत त्यातली एक कालवड गाभडली. मी म्हटलं, घसरली असेल, फरशीवर बर्फ होतं. आठवड्यात दुसरी. मग तिसरी, आणि ती आपली जुनी, सात वेळा व्यालेली, बर्फाला न घाबरणारी. तिघींची वार आतच अडकली, ती मी हाताने काढली. तेव्हा मला कळायला हवं होतं. खरं सांगते, कळलं होतं. मी वहीसमोर उभी राहिले. गाभडल्याच्या रकान्यात दोन रेघा होत्या. तिसरी मी शेजारच्या रकान्यात मारली. खाली राहिली म्हणून. मग आधीच्या दोनही खोडरबराने पुसल्या आणि तिकडेच नेल्या. शेवटचा आकडा तोच राहणार होता, इंगा, वासरं तेवढीच. फक्त दोष कुणाचा, ते बदललं. गाय गाभडली तर बायका म्हणतात, मिमाच्या गोठ्यात काहीतरी आहे. गाय खाली राहिली तर पुरुष म्हणतात, वळूत काहीतरी आहे. आणि खाली राहिलेल्या गाईंसाठी कुणी रक्त काढायला येत नाही.

तू आलीस तोवर पाच झाल्या होत्या. तुला मी एकच सांगितली होती.

आता तारीख नीट वाच. मंगळवार, सोळा मार्च एकाहत्तर, सकाळी नऊचा सुमार. नेल, ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिला अजून सात आठवडे होते आणि मागून पाय दिसायला लागले. बाप रानात होता. माझा खांदा धरलेला, म्हणून तू बाह्या वर केल्यास आणि कोपरापर्यंत हात घातलास. आदल्या दिवशी तारेने तुझं मनगट फाटलं होतं, त्यावरची चिंधी ओली झाली म्हणून तू ती दातांनी सोडून फेकलीस. हे डॉक्टरला सांग. उजवं मनगट. वासरू मेलेलंच आलं, पिवळट, चामड्यासारख्या वारेत गुंडाळलेलं. सगळं पाणी तुझ्या अंगावर आलं, तोंडावरसुद्धा. तू थुंकलीस आणि म्हणालीस, "श्शी, आई, रविवारच्या सूपसारखं लागतं!" आणि आपण दोघी भिंतीला टेकून हसलो. मग तू गंभीर झालीस. म्हणालीस, "गुरांचा डॉक्टर लेनी आज बेटावर आहे, डेव्होकडे आलाय. सायकल काढून आणू का? हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, तू अंग धू, मी बघते. पुढे मी काय केलं ते शेवटी लिहीन. आत्ता लिहिलं तर हात तिथेच थांबेल.

मे महिन्यात पेट्री आला. तोवर खाली राहिल्याच्या रकान्यात सात होत्या. तो वही उजेडात धरून म्हणाला, "शेहेचाळिसात सात खाली? हा वळूचा प्रश्न आहे." मी म्हटलं, असेल बाई. तुझ्या बापाने ते डेव्होच्या कानावर घातलं, डेव्होने आपल्या बापजाद्यांची शपथ घेतली, आणि दोन आठवड्यांनी तो वळू कसायाकडे गेला. बिचारा धट्टाकट्टा होता. तो बोटीवर चढताना मी पडदा ओढून घेतला.

आता चीज. वासरू नाही आणि कास भरलेली, अशा गाई मी काय तशाच ठणकत ठेवणार होते? मी त्यांना पिळलं. आपण मांसाची गुरं पाळतो, दुधाला एक म्हातारी गाय होती, आणि एकाएकी घरात बादल्या भरून दूध. मी ताजं पांढरं चीज लावलं. तुझ्या बापाने खाल्लं, मी खाल्लं, आणि दर महिन्याला एक गोळा अ‍ॅबर्डीनला गेला, कारण तुला शहरातलं चीज साबणासारखं लागतं. एका दुपारी मी नेलला पिळत बसले होते आणि दारात डेव्हो. खांबावरची वही त्याने येता येता वाचली होती. म्हणाला, "कमाल आहे मिमा. माझ्या वळूकडून फळल्या नाहीत म्हणे या गाई, आणि बादली बघ कशी फेसाळतेय. जगात पहिल्यांदाच बघतोय, न विता दूध देणारी गाय." मी म्हटलं, "तू आपल्या घरचं बघ, तुझी बायको बरी, न बोलता दूध तापवते." तो हसला नाही. माझ्याकडे बघत बघत गेला. कुणाला बोलला नाही. का ते आता कळलंय. त्याच्याकडे तेव्हाच चार गाभडल्या होत्या आणि त्यानेही त्या कुठेतरी दुसरीकडेच मांडल्या होत्या. त्याची बायको आज फाटकापलीकडे उभी राहून मला हे सांगून गेली. दोघे एकमेकांकडे बघत होतो आणि दोघेही गप्प होतो.

उन्हाळ्यापासून मला संध्याकाळी ताप चढायला लागला. चढायचा, रात्रीत अंथरूण भिजायचं, सकाळी बरी. आठ दिवस काही नाही, मग पुन्हा. कंबर आणि गुडघे असे दुखायचे की मी दावणीला धरून उठायचे. मी म्हटलं, वय आलं, पाळी जाते तेव्हा बायकांचं असं होतंच. तुझ्या बापाला म्हटलं, तोंड बंद ठेव.

नोव्हेंबरात मी अडकले, ते अशी. पेट्री म्हणाला, नवा वळू कसा निघाला ते वसंतापर्यंत कशाला थांबून बघायचं, लेनी प्रत्येक गाईला हात घालून तपासेल. लेनीने दिवसभर पंचेचाळीस गाई तपासल्या. त्रेचाळीस गाभण, दोन खाली. आणि ते त्याने स्वतःच्या पेनने वहीत लिहिलं, शाईने, खाली सही. आता एखादी गाभडली तर तिला खाली म्हणायची सोयच राहिली नाही. नव्या वर्षापासून परवापर्यंत अकरा गाभडल्या. पहिल्या तीन मी शेणखतात पुरल्या. चौथीला तुझ्या बापाने मला फावड्यासकट पकडलं. तो ओरडला नाही. वही काढली, गेल्या वर्षीचं पान उघडलं, पुसलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "म्हणजे वळूचं काही नव्हतं." मग टोपी घालून लेनीला फोन करायला गेला. पोस्टातून, बेलासमोर, मोठ्या आवाजात. मी असते तर कुजबुजले असते.

लेनीने रक्त काढलं. काल मंगळवारी निकाल घेऊन आला. पंचेचाळीसमधल्या एकोणतीस आजारी. त्यांच्या कानाला भोक पाडलंय, सोमवारी बोट त्यांना कसायाकडे न्यायला येईल, पुढच्या महिन्यात उरलेल्यांचं रक्त पुन्हा. फाटकापाशी औषधात भिजवलेला पेंढा टाकलाय, त्यावर बूट दाबून मगच रस्त्यावर यायचं. मला गाईंचं वाईट वाटतंय का, असं तुझ्या बापाने विचारलं. वाटतं. पण त्यासाठी मी हे लिहीत नाही. लेनी निघता निघता माझ्याकडे बघून म्हणाला, "मिसेस लिंकलेटर, तुमचा चेहरा असा का? ताप येतो का संध्याकाळी?" मी हो म्हटलं. "पाठ?" हो. "कच्चं दूध, चीज?" हो. त्याने पिशवी खाली ठेवली. विचारलं, गोठ्यात आणखी कोण हात घालत होतं. मी तुझं नाव घेतलं, आणि पोटुशी आहेस ते सांगितलं. मी त्याचा कोट धरला, म्हटलं, बोल. तो म्हणाला, माणसाला हे होतं, औषध आहे, पण आधी कळायला हवं, आणि पोटात मूल असेल तर एक दिवससुद्धा घालवू नका, गाईचं जे होतं ते बाईचंही होऊ शकतं. त्याने एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, ते मी अक्षराला अक्षर उतरवते: ब्रुसेला. तुझ्या डॉक्टरला कळेल. ती चिठ्ठीपण आत घातलीय.

आता ते, जे शेवटाला ठेवलं होतं. तुझं पत्र सोमवारी आलं, निकालाच्या आदल्या दिवशी. तू लिहिलंस, संध्याकाळी अंग तापतं, पाठ मोडून येते, रॉबी म्हणतो पलंगात वल्हं मारावं लागेल एवढा घाम. मी वाचून हसले होते, बाळाचं असेल म्हणून. त्याच्या खाली तू लिहिलं होतंस की डॉक्टरला दाखवलं. त्याने विचारलं, शेतावरची ना तू, गेल्या वर्षात आजारी गुरांना हात लावलायस का? आणि तू सांगितलंस, एक गाय गाभडली होती, पण आईने त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला विचारलं, तो काही नाही म्हणाला. मग तो म्हणाला, तर थंडीताप असेल. इंगा, मी लेनीला विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मी वळणापर्यंत गेले, डेव्होच्या दारात त्याची गाडी दिसली, तिथे दगडावर बसले, आणि परत आले. तू केस पुसत होतीस. तुझ्या हातात चहा देताना मी म्हटलं, "विचारलं गं. काही नाही म्हणाला." शहाण्या माणसाने बरोबर तो प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर माझ्या खोट्याने दिलं, तुझ्या तोंडून. ते परत घ्यायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून हे पत्र. ज्या क्षणी वाचून होईल त्या क्षणी कोट घाल. त्याला सांग, आई खोटं बोलली होती. असंच सांग. 'आईचा काही गैरसमज झाला' असं माझ्यावर पांघरूण घालत बसलीस तर तो पुन्हा थंडीताप म्हणेल. का खोटं बोलली असं विचारलं तर सांग, तिला आपल्या गोठ्याचं नाव जपायचं होतं. रक्त काढल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठू नकोस. नंतर मला लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस, पण रॉबीला सांग, निकालाची तार बेलाकडे कर. पूर्ण लिही, काही लपवू नकोस, बेटभर झालं तरी चालेल. मी रोज दोन्ही वेळा पोस्टात जाऊन उभी राहीन.

तुझीच, खोटं बोललेली,
आई